गावच्या घराला कॅमेरे लावताना: मेगापिक्सेलच्या आधी पाहायच्या गोष्टी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही पुण्यात नोकरीला आहात आणि सत्तरी ओलांडलेले आई-वडील गुहागर तालुक्यातल्या घरी दोघेच राहतात. गेल्या मे महिन्यात विहिरीवरचा पंप चोरीला गेला. त्यानंतर एका दुकानदाराने ५ मेगापिक्सेलचे आठ कॅमेरे सुचवले, तर एका मित्राने दोन वायफाय कॅमेरे पुरेत असे सांगितले. बेड्यापासून (आवाराच्या फाटकापासून) पडवी सुमारे ४० फूट, विहीर मागीलदारापासून ८० फूट, घर जांभ्याचे, आणि पावसाळ्यात वीज बेभरवशाची. यांपैकी काय घ्यावे, असे तुम्ही विचारले आहे.

रत्नागिरी जिल्ह्यात मी अठरा वर्षे हेच काम करतो आहे. माझे मत असे की आठ कॅमेऱ्यांची गरज नाही आणि दोन वायफाय कॅमेरे पुरणार नाहीत. योग्य जागी बसवलेले, तारेने जोडलेले चार कॅमेरे आणि घरातच ठेवलेला रेकॉर्डर तुम्हाला हवे ते देईल. मात्र कंपनी आणि मॉडेल ठरवण्यापूर्वी एक काम करा. कागदावर घराचा आणि वाडीचा कच्चा नकाशा काढा आणि परका माणूस आत यायचा झाला तर कुठून जाण्यावाचून त्याला गत्यंतर नाही, त्या जागांवर खुणा करा. गडग्यावरून, म्हणजे आवाराच्या दगडी बांधावरून, कुठूनही उडी मारता येते हे खरे, पण घरात शिरायला पुढचे किंवा मागचे दारच लागते, आणि पंप उचलायचा तर विहिरीच्या खोपीपाशी यावेच लागते. चेहरा टिपायचा तो या जागी. संपूर्ण अंगण दिसावे म्हणून लावलेला कॅमेरा मनाला समाधान देतो, पण चोरी झाल्यावर हवालदार विचारतात ते एकच, ‘हा कोण?’, आणि त्याचे उत्तर त्या कॅमेऱ्याकडे नसते.

हे असे का होते, ते आकड्यांत सांगतो, कारण दुकानात हा हिशेब कोणी करून दाखवत नाही. कॅमेऱ्याचे चित्र ठिपक्यांचे असते आणि अनोळखी माणसाचा चेहरा खात्रीने ओळखायचा तर तो उभा असतो तिथल्या प्रत्येक मीटर रुंदीला सुमारे २५० ठिपके मिळावे लागतात. ओळखीच्या माणसाला ओळखायला १२५ पुरतात. हे प्रमाण या क्षेत्रातल्या २०१४ च्या आंतरराष्ट्रीय मानकातच दिलेले होते. आता २ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याला आडवे १९२० ठिपके असतात. त्याला नेहमीची २.८ मिलिमीटरची लेन्स असेल, तर तो साधारण १०० अंशांचा पसारा पाहतो. १० फुटांवर त्याच्या दृष्टीची रुंदी ७ मीटरच्या आसपास भरते, म्हणजे मीटरला २६०-२७० ठिपके मिळतात आणि चेहरा स्वच्छ येतो. २० फुटांवर हेच प्रमाण निम्म्यावर येते. तुमच्या बेड्यापर्यंत, म्हणजे ४० फुटांवर, ते ६५-७० वर घसरते. कोणीतरी आले, पांढरा सदरा होता, एवढेच त्यातून सांगता येते. दुकानदाराने सुचवलेला ५ मेगापिक्सेलचा कॅमेरा त्याच लेन्सने तिथे लावला, तरी आकडा १०० च्याच आसपास राहतो. पैसे जवळजवळ दुप्पट गेले आणि चेहरा तो आलाच नाही.

म्हणून बेड्यासाठी लेन्स बदलायला हवी; लेन्सचे मिलिमीटर वाढले की नजर अरुंद होते आणि लांबचे मोठे दिसते. २.८ ते १२ मिलिमीटर अशी फिरवता येणारी, म्हणजे व्हेरिफोकल लेन्स असलेला ४ मेगापिक्सेलचा एक कॅमेरा पडवीच्या खांबावर घ्या आणि ती लेन्स जागेवरच ८ मिलिमीटरच्या आसपास आणून बेड्यावर रोखा. त्याला बेडे आणि दोन्ही बाजूंचा थोडा गडगा एवढेच दिसेल, बाकीचे अंगण सुटेल, आणि ते सुटू द्यावे. पुढच्या दारासाठी ४ मिलिमीटर लेन्सचा साधा कॅमेरा पडवीच्या आत लावा; दाराशी येणारा माणूस त्याच्यापासून १२-१३ फुटांच्या आत असला पाहिजे. मागीलदारी २.८ मिलिमीटर चालेल, कारण तिथे अंतरच कमी आहे. चौथा पंपाच्या खोपीवर.

उंचीबाबत माझी एक जुनी चूक सांगतो, कारण ती आजही अनेक घरांत दिसते. कामाला लागल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी मी एका बंगल्यावर १४ फुटांवर, छपराच्या टोकाशी कॅमेरा लावला. कोणाचा हात पोचू नये, हा हेतू. चोरी झाली, चित्रण उत्तम मिळाले, आणि त्या संपूर्ण चित्रणात चोराची टोपी आणि खांदे सोडून काही नव्हते. घरमालकांनी मला एका शब्दाने दुखावले नाही, पण त्या दिवसापासून चेहऱ्यासाठीचा कॅमेरा मी ८ ते ९ फुटांच्या वर लावत नाही. हात पोचेल अशी भीती वाटत असेल, तर एका कॅमेऱ्याच्या नजरेत दुसरा कॅमेरा येईल अशी रचना करावी. पहिला कोणी मोडलाच, तर मोडणारा दुसऱ्यात टिपला जातो.

रात्रीचे चित्र हा वेगळा विषय आहे. कॅमेऱ्यातले इन्फ्रारेड दिवे आपल्याला दिसत नाहीत किंवा मंद लाल दिसतात, पण कॅमेऱ्याच्या दृष्टीने तो झगझगीत उजेडच असतो. कॅमेऱ्याच्या कडेला चुना दिलेली भिंत किंवा पडवीचा वासा नजरेत येत असेल, तर तो उजेड तिथून उलटतो, कॅमेरा चित्र आपोआप काळवंडवतो आणि समोरचा माणूस सावलीसारखा दिसतो. दिवसा चित्र झकास आणि रात्री निरुपयोगी, अशी तक्रार आली की मी आधी हेच पाहतो. दुसरा शत्रू कोळी. दिव्यांच्या ओढीने किडे येतात, किड्यांसाठी कोळी येतो आणि भिंगासमोर जाळे विणतो. त्या एका धाग्यावर उजेड पडला की पडदाभर पांढरी रेघ हलत राहते. यासाठी पडवीत आणि मागीलदारी कॅमेऱ्यापासून ५-६ फूट लांब ९ वॅटचा एक एलईडी दिवा रात्रभर चालू ठेवावा. किडे त्याच्याकडे जातात, कॅमेऱ्याला उजेड मिळतो आणि चित्रात रंगही येतात. पांढरा दिवा अंगावरच असलेले रंगीत रात्रीचे कॅमेरे हल्ली पुष्कळ खपतात; शहरात ते चांगले चालतात, पण आपल्याकडे पहिल्या पावसानंतर पंख फुटलेली वाळवी त्यांच्यावर अशी तुटून पडते की आठवडाभर दुसरे काही दिसत नाही.

आता ज्या गोष्टीवर मी सर्वांत जास्त भर देतो, ती म्हणजे तार आणि वीज. तुमच्यासारख्या घरी मला बोलावणे येते ते बहुतेक एकाच तक्रारीसाठी: कॅमेरा दिवसभर ठीक चालतो आणि संध्याकाळी साडेसात-आठला बंद पडतो, पुन्हा चालू होतो, पुन्हा बंद पडतो. घरच्यांना वाटते कॅमेरा बिघडला. खरे कारण तारेत असते. बाजारात ‘थ्री प्लस वन’ नावाची जी केबल मिळते, तिच्यातल्या वीज नेणाऱ्या तारा फार बारीक असतात, आणि स्वस्त केबलमध्ये तर तांब्याचा नुसता मुलामा असून आत ॲल्युमिनियम असते. दिवसा कॅमेरा थोडी वीज घेतो. अंधार पडला की इन्फ्रारेड दिवे लागतात, विजेची ओढ वाढते आणि १५०-१६० फुटांच्या बारीक तारेत १२ व्होल्टचे ८-९ व्होल्टच शेवटापर्यंत पोचतात. कॅमेरा बंद पडतो, दिवे विझतात, व्होल्टेज वर येते, कॅमेरा पुन्हा सुरू होतो, आणि हे रात्रभर चालते. विहिरीवरच्या कॅमेऱ्याचे तुमच्याकडे हेच होईल.

म्हणून तुम्ही आयपी कॅमेरे, म्हणजे नेटवर्कच्या केबलवर चालणारे कॅमेरे, आणि पीओई (त्याच केबलमधून वीज देण्याची सोय) असलेला चार पोर्टचा एनव्हीआर, म्हणजे अशा कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, घ्या. यात चित्र आणि वीज कॅट-६ नावाच्या एकाच नेटवर्क केबलमधून जाते, वीज ४८ व्होल्टच्या आसपास असल्यामुळे वाटेत घट फारशी होत नाही, आणि १०० मीटरपर्यंत ही केबल निर्धास्त चालते. केबल शुद्ध तांब्याची आहे याची खात्री करून घ्या; टोक सोलून तार सुरीने खरवडली आणि आत चंदेरी दिसले, तर ती परत करा. विहिरीपर्यंतची केबल माडांवरून लोंबकळत नेऊ नका. जमिनीत दीड-दोन फूट खोल पीव्हीसी पाइपातून न्या. वर झावळी पडून तुटण्याचा प्रश्न मिटतो आणि वीज कडाडताना मोकळ्या तारेत येणारा झटकाही कमी होतो.

विजेच्या झटक्याने रेकॉर्डर जाण्याची वेळ मुख्यतः दोन: मे महिन्यातला वळीव आणि परतीचा पाऊस. आपल्या जांभ्याच्या कातळात अर्थिंग मुळातच चांगले लागत नाही आणि मे महिन्यात तर खड्डा कोरडाठाक असतो. घराचे अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या, उन्हाळ्यात त्यात पाणी ओतण्याची सवय ठेवा, आणि विहिरीकडून येणारी केबल घरात शिरते तिथे अर्थिंगला जोडलेला सर्ज प्रोटेक्टर बसवा. याचा खर्च नव्या रेकॉर्डरच्या किमतीपुढे काहीच नाही.

पावसाळ्यातले दुसरे दुखणे जोडांचे. कॅमेऱ्याच्या अंगावर आयपी ६६ किंवा आयपी ६७ लिहिलेले असते; हा आयपी वेगळा, तो धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाचा दर्जा. त्यातला पहिला ६ म्हणजे आत धूळ शिरत नाही, दुसरा ६ म्हणजे जोराची पिचकारी सोसतो, आणि ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो. पण हे संरक्षण कॅमेऱ्याच्या अंगाला आहे. त्याच्या मागे लोंबणाऱ्या शेपटीच्या जोडाला नाही. आषाढात झड आत शिरते, जोडातल्या पितळी-तांबड्या पट्ट्यांवर हिरवा चढतो आणि श्रावणात चित्र जाते. प्रत्येक कॅमेऱ्यामागे जंक्शन बॉक्स घ्या, जोड त्यात ठेवा, केबल खालच्या बाजूने आत घाला आणि बॉक्सच्या आधी केबलला खाली एक झोळ द्या, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी त्या झोळावरून ठिबकून जाते. भिंतीला पाडायचे भोक बाहेरच्या अंगाला उतरते ठेवावे. कॅमेरा पागोळीच्या धारेखाली कधीही येऊ देऊ नये. खारे वारे लागत असतील, तर स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच हवेत.

वीज गेल्यावर काय, याचा हिशेब सोपा आहे. चार कॅमेरे, एनव्हीआर आणि राउटर मिळून रात्री ४५ वॅटच्या आसपास घेतात. घरच्या इन्व्हर्टरला १५० अँपिअर-तासाची चांगली बॅटरी असेल, तर पंखे-दिवे न धरता एवढा भार ती १५-१६ तास ओढते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस वीज नव्हती, तेव्हा कोणतीच व्यवस्था पुरली नाही. पण रोजच्या चार-पाच तासांच्या खंडाला ही पुरते. रेकॉर्डर कुठे ठेवावा हेही याच वेळी ठरवा. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात तळमजल्यावरचे रेकॉर्डर पाण्याखाली गेले आणि त्यांबरोबर चित्रणही. तुमच्याकडे पुराची भीती नसली, तरी तो टीव्हीखाली उघड्यावर ठेवू नका, कारण जाणता चोर आधी तोच उचलतो. कौलांखालच्या माळ्यावरही नको. मे महिन्याच्या उकाड्यात हार्ड डिस्क लवकर जाते. माजघरातल्या कपाटात, मागे हवेला वाट ठेवून, कुलपात.

हार्ड डिस्क सर्व्हेलन्सची, म्हणजे अशा अखंड चित्रणासाठीच बनवलेली घ्यावी, संगणकाची जुनी काढून बसवू नये. प्रत्येक कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट वेगाने लिहीत असेल, तर दिवसाला साडेएकवीस जीबी होतात आणि चौघांचे ८६. म्हणजे १ टीबीत ११ दिवस आणि २ टीबीत २२-२३ दिवस. २ टीबी घ्या. पुष्कळदा पंप गेल्याचे लक्षातच आठवड्याने येते. हालचाल झाली तरच रेकॉर्डिंग ही सोय बंद ठेवून अखंड रेकॉर्डिंग ठेवा, कारण वाऱ्याने माड हलले तरी ती चालू होते आणि कधी नेमक्या वेळी होतही नाही. माणूस ओळखून फोनवर सूचना देण्याची सोय मात्र जरूर वापरा, तीही रात्री १० ते पहाटे ५ एवढीच. दिवसभर सूचना येत राहिल्या, तर तुम्ही त्या पाहणे सोडून द्याल.

पुण्यातून पाहायचे तर इंटरनेट लागेल. घरी फायबर पोचली असेल तर उत्तम; नसेल तर सिमचा ४जी राउटर चालतो, पण पूर्ण दर्जाचे चित्र सेकंदाला २ मेगाबिटने तासभर पाहिले की ९०० एमबी जातात. ॲपमध्ये कमी दर्जाचा दुसरा प्रवाह असतो, रोज तोच पाहावा. इंटरनेट बंद असले तरी रेकॉर्डिंग घरात चालूच राहते, आणि तारेच्या व्यवस्थेचा मोठा फायदा हाच. मित्राने सुचवलेल्या वायफाय कॅमेऱ्यांना मी वाईट म्हणणार नाही. पुण्याच्या सदनिकेत दारासमोर लावायला तो सोयीचा आहे. पण जांभ्याच्या दीड फुटी भिंतींतून वायफाय जेमतेम एक खोली पार करते, आणि कॅमेरा चोरीला गेला की त्यातल्या मेमरी कार्डासह चित्रणही जाते. सोलरचे सिम कॅमेरेही कोकणात जुलै-ऑगस्टात पुरेसे चार्ज होत नाहीत.

पासवर्डबद्दल आग्रहाने लिहितो. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले लाखांवर कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले, आणि त्यासाठी त्याच्याकडे कारखान्यातून येणाऱ्या साठ-एक पासवर्डांची यादी होती, दुसरी कोणतीही करामत नव्हती. बसवणारा माणूस जो सोपा पासवर्ड टाकून जातो, तो त्याच दिवशी बदला, राउटरमधली यूपीएनपी सोय (ती बाहेरून आत यायची वाट आपोआप उघडते) बंद करा आणि वर्षातून दोनदा फर्मवेअर, म्हणजे उपकरणातले सॉफ्टवेअर, अद्ययावत करा. एप्रिल २०२५ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) नोंदणीसाठी सायबर सुरक्षेची चाचणीही सक्तीची झाली आहे. खोक्यावरचा आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून पाहा. क्रमांकच नसलेला जुना माल स्वस्तात मिळाला, तरी घेऊ नका.

कॅमेऱ्याच्या नजरेत शेजाऱ्यांचे अंगण, त्यांची न्हाणी किंवा पाखाडीवरची (पायऱ्यांच्या गाववाटेवरची) सार्वजनिक विहीर येत असेल, तर सेटिंगमध्ये प्रायव्हसी मास्क असतो, तो भाग त्याने झाकून टाका आणि शेजाऱ्यांना बोलावून पडद्यावर दाखवा. कोणाचे संमतीशिवाय खासगी अवस्थेतले चित्रण हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ई खाली तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा आहे; पण कायद्याच्या आधी शेजारधर्म आहे, आणि तुम्ही पुण्यात असताना आई-वडिलांच्या हाकेला धावून येणार आहेत ते शेजारीच.

चित्रण पुरावा म्हणून द्यायची वेळ आली, तर १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ लागू आहे. त्याप्रमाणे प्रतीसोबत प्रमाणपत्र लागते आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइलमध्ये फेरफार झाला तर बदलणारा तिचा ओळख-आकडा, नोंदवावे लागते. प्रमाणपत्राची ही अट जुन्या कायद्यातही होती. जालना मतदारसंघाच्या निवडणुकीवरून चाललेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ती ठामपणे अधोरेखित केली, आणि त्या खटल्यातला वादही व्हिडिओ चित्रणाचाच होता. तुमच्यापुरते काम असे: घटना कळताच त्या काळाचे चित्रण पेन ड्राइव्हवर काढून ठेवायचे, मूळ हार्ड डिस्कला हात लावायचा नाही, आणि रेकॉर्डरचे घड्याळ खऱ्या वेळेच्या किती मागे-पुढे आहे ते लिहून ठेवायचे. घड्याळ इंटरनेटवरून जुळवण्याची सोय पहिल्याच दिवशी चालू करा. वीस मिनिटे चुकलेल्या घड्याळामुळे चांगल्या चित्रणावर शंका घेतलेली मी पाहिली आहे.

घराच्या आत कॅमेरा लावण्याचे तुम्ही विचारलेले नाही, तरी आई-वडील पडले-झडले तर कळावे म्हणून पुढे तो विचार तुमच्या मनात येईल. आईला विचारल्याशिवाय माजघरात किंवा स्वयंपाकघरात कॅमेरा लावू नका. स्वतःच्या घरात मुलगा आपल्याला पाहतो आहे या जाणिवेने पदर सावरत वावरणाऱ्या आज्या मी पाहिल्या आहेत, आणि त्यांपैकी दोघींकडचे कॅमेरे मी स्वतः काढून दिले.

काम पुरे झाले की बसवणाऱ्याला पैसे देण्यापूर्वी रात्री नऊ वाजता एक चाचणी घ्या. वडिलांना टीव्हीसमोर बसवा, तुम्ही बेड्यातून आत या, पुढच्या दारी, मागीलदारी आणि विहिरीवर जाऊन परत या, आणि मग तेच चित्रण वडिलांना रिमोटने स्वतः मागे नेऊन काढायला सांगा. चारही ठिकाणी तुमचा चेहरा दिसला पाहिजे आणि त्यांना तो कोणाच्या मदतीशिवाय सापडला पाहिजे. सापडला नाही, तर बसवणाऱ्याला पुन्हा शिडी लावायला सांगा. पासवर्ड, तारीख शोधण्याच्या पायऱ्या आणि बसवणाऱ्याचा नंबर आईच्या हिशेबाच्या वहीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, आणि दर महिन्याला भिंगावरची कोळिष्टके पुसायला काठीला बांधलेले एक मऊ सुती फडके दाराआड टांगून ठेवा.